वजन नेमकं कुठं पडतं?

रग्बीचा सामना कधीच न पाहिलेल्या माणसाला दक्षिण आफ्रिकेचा संघ दाखवा. राष्ट्रगीतासाठी रांगेत उभे राहिलेले ते गडी पाहून तो हमखास विचारतो, "एवढे धिप्पाड आहेत म्हणूनच जिंकतात ना हे?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण मुरलेले चाहतेही याच प्रश्नावरून हमरीतुमरीवर येतात. दक्षिण आफ्रिकेचा चाहता अभिमानानं सांगतो, ताकद हाच आमचा खेळ. न्यूझीलंडचा नाक मुरडतो, याला खेळ म्हणायचं की ढकलाढकली? आयर्लंडचा म्हणतो, राखीव बाकावर सात-सात आडदांड गडी बसवणं नियमात बसत असेल, पण मनाला पटत नाही.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. पुरुषांचा रग्बी विश्वचषक १९८७ पासून दर चार वर्षांनी होतो. वर्णभेदी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार होता, म्हणून पहिल्या दोन स्पर्धांत हा संघ नव्हता. १९९५ ते २०२३ या काळात तो आठ स्पर्धा खेळला आणि त्यांतल्या चार जिंकला: १९९५, २००७, २०१९ आणि २०२३. इतके विश्वचषक दुसऱ्या कुठल्याही देशाकडे नाहीत.

गंमत म्हणजे या संघाचं नाव आहे 'स्प्रिंगबॉक'. स्प्रिंगबॉक हे तिथल्या माळरानावरचं चपळ हरीण, वजनाला जेमतेम तीस-चाळीस किलो. नाव हरणाचं आणि ख्याती हत्तीची! हे कोडं सोडवायचं तर आधी खेळाची तोंडओळख हवी.

१. खेळ थोडक्यात

रग्बीत दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू असतात. सामना ऐंशी मिनिटांचा. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवला की 'ट्राय' होतो आणि पाच गुण मिळतात. त्यानंतर चेंडू लाथेनं उंच खांबांमधून पाठवला की आणखी दोन. प्रतिस्पर्ध्यानं मोठी चूक केली तर 'पेनल्टी' मिळते आणि ती खांबांमधून मारली की तीन गुण.

सगळी गोम एका नियमात आहे: हातानं चेंडू पुढं फेकता येत नाही. तो बाजूला किंवा मागंच द्यायचा. त्यामुळं पुढं सरकायचे दोनच मार्ग उरतात. एक, चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. दोन, लाथ मारून चेंडू लांब पाठवायचा आणि त्याच्यामागं पळायचं.

दुसरी गोष्ट, कुस्तीत वजनगट असतात. सत्तर किलोच्या पैलवानासमोर एकशेवीस किलोचा उभा करत नाहीत. रग्बीत असा कोणताही गट नाही. पंच्याहत्तर किलोच्या खेळाडूनं सव्वाशे किलोच्या खेळाडूला अडवायचं, हा खेळाचाच भाग आहे. म्हणून वजनाचा प्रश्न इथं टाळताच येत नाही.

२. दहीहंडीचा हिशेब

पण सगळे पंधरा जण सारखेच धिप्पाड असतात, हा पहिला गैरसमज. दहीहंडीचे थर आठवा. तळाशी रुंद खांद्यांचे, भरभक्कम गडी. वर जावं तसे हलके. आणि सगळ्यांत वर एखादं चिमुरडं पोर. तळात पोरं लावली तर थर कोसळतो आणि वरपर्यंत पैलवान चढवले तरीही कोसळतो.

रग्बी संघाचंही तसंच. आठ जण 'फॉरवर्ड', म्हणजे तळाचे थर. चेंडू मिळवणं, रेटणं, धडकणं हे त्यांचं काम. सात जण 'बॅक', म्हणजे पळणारे, चकवणारे, लाथा मारणारे.

दक्षिण आफ्रिकेच्या संघात हे दोन्ही टोकाचे नमुने सापडतात. फॉरवर्डमधला एबेन एट्झेबेथ सहा फूट आठ इंच उंच, वजन १२० किलोंच्या आसपास. त्याच संघातला चेस्लिन कोल्बे साडेपाच फुटांहून जेमतेम इंचभर उंच आणि वजन एट्झेबेथच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. २०१९ च्या अंतिम सामन्यात हा कोल्बेच इंग्लंडच्या कर्णधाराला अंगचटीला येऊ न देता पाय बदलून निसटला आणि त्यानं ट्राय केला. फॉरवर्डमध्येही उंचीच लागते असं नाही. ऑक्स न्चे हा पहिल्या फळीतला खेळाडू पाच फूट आठ इंचांचा आहे. रुंद, बुटका आणि जमिनीलगत. पहिल्या फळीत हा बुटकेपणाच उपयोगी पडतो. का, ते आता पाहू.

३. धडक वेगळी, रेटा वेगळा

शरीराचं वजन रग्बीत दोन प्रकारे वापरलं जातं आणि चाहते या दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

पहिला प्रकार म्हणजे धडक. पळत येणारा माणूस किती जोरात आदळतो, हे वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. १२० किलोचा खेळाडू सेकंदाला पाच मीटर वेगानं आला तर गुणाकार होतो ६००. ऐंशी किलोचा खेळाडू सेकंदाला साडेसात मीटर वेगानं आला तर त्याचाही गुणाकार ६००. म्हणजे धडकेत हलका माणूस वेगाच्या जोरावर वजनाची भरपाई करू शकतो. अडवणारा खाली वाकून घोट्यांपाशी मिठी मारू शकला, तर भल्याभल्यांचं वजन त्यांच्याच अंगलट येतं.

दुसरा प्रकार म्हणजे रेटा. तो सगळ्यांत स्पष्ट दिसतो 'स्क्रम'मध्ये. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड तीन ओळींत वाकून एकमेकांत खांदे अडकवतात. मध्ये चेंडू सोडला जातो आणि दोन्ही बाजू रेटू लागतात. पहिल्या ओळीत, म्हणजेच पहिल्या फळीत, तिघं असतात: मधला 'हुकर' आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे 'प्रॉप'. मागच्या पाच जणांचा सगळा जोर याच तिघांच्या पाठीतून पुढं जातो.

आठ जणांचं सरासरी वजन ११५ किलो धरलं तर एका बाजूला ९२० किलो होतात. आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या छोट्या मोटारीहून जास्त. अशा दोन मोटारी नाकाला नाक लावून एकमेकींना ढकलताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

इथं पळायला जागा नाही, म्हणजे वेगानं भरपाई नाही. पण नुसतं वजनही पुरत नाही. बंद पडलेली जीप ढकलताना काय होतं? चौघांनी आपापल्या सोयीनं जोर लावला तर ती हलत नाही. 'हैश्शा' म्हणून एकाच क्षणी लावला की हलते. शिवाय ताठ उभं राहून ढकलणाऱ्याचा जोर वाया जातो. कंबर खाली, पाठ सरळ आणि पाय घट्ट रोवलेले हवेत. ऑक्स न्चेसारखा बुटका प्रॉप समोरच्याच्या छातीखाली शिरतो आणि त्याला वरच्या दिशेनं उचलतो. पाय सुटू लागलेला माणूस कितीही जड असो, त्याचा रेटा संपला.

४. रेट्याचे गुण कसे होतात?

इथं नवा प्रेक्षक विचारतो, "ढकललं, मागं नेलं, पण गुण कुठं मिळाले?"

रेट्याखाली दबलेली बाजू चुका करू लागते. प्रॉपचे गुडघे टेकतात, कुणी मध्येच उभा राहतो, कुणी तिरका वळतो. स्क्रम मुद्दाम पाडणं किंवा मोडणं धोकादायक असल्यानं रेफरी पेनल्टी देतो. आणि पेनल्टी म्हणजे तीन गुणांची संधी, किंवा चेंडू लांब बाहेर मारून प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पोचण्याची.

२०१९ चा योकोहामातला अंतिम सामना या हिशेबाचा वस्तुपाठ आहे. इंग्लंडचा प्रॉप काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला आणि त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला जवळजवळ संपूर्ण सामना ओढावा लागला. समोर होता टेंडाई म्तावारिरा, टोपणनाव 'बीस्ट'. स्क्रममागून स्क्रममध्ये इंग्लंडची फळी मोडली आणि पेनल्टी मिळत गेल्या. हांद्रे पोलार्डनं सहा पेनल्टी मारल्या, म्हणजे अठरा गुण. सामना ३२-१२ असा सुटला. दक्षिण आफ्रिकेचे दोन्ही ट्राय शेवटच्या पंधरा मिनिटांत झाले आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले ते त्यांचे पहिलेच ट्राय. १९९५ आणि २००७ च्या अंतिम लढती त्यांनी एकही ट्राय न करता जिंकल्या होत्या. २०२३ मध्येही तेच झालं.

"कंटाळवाणं खेळतात" या तक्रारीचं मूळ इथं आहे. ती अगदीच चुकीची नाही. पण इंग्लंडला इतक्या पेनल्टी द्यायला लावणं हेही कसबच आहे, हे नाक मुरडणारे विसरतात.

५. बाकावर ठेवलेली ताकद

प्रत्येक संघाला आठ राखीव खेळाडू ठेवता येतात. त्यांतले तीन पहिल्या फळीचे असावेच लागतात, कारण अननुभवी माणूस तिथं घातला तर मान मोडायची भीती. बहुतेक संघ राखीवांत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ठेवत आले.

प्रशिक्षक रासी एरास्मस आणि त्यांचे जुने सहकारी जॅक नीनाबर यांनी २०१९ मध्ये सहा-दोन अशी वाटणी चालवली. नीनाबर मूळचे फिजिओथेरपिस्ट. शरीर किती वेळानं थकतं, हा त्यांच्या रोजच्या कामाचाच विषय. या राखीव तुकडीला 'बॉम्ब स्क्वॉड' हे नाव पडलं. २०२३ मध्ये तर त्यांनी सात-एक अशी वाटणी केली. विश्वचषकाआधी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर अशाच बाकासह त्यांनी न्यूझीलंडला ३५-७ नं धूळ चारली.

हिशेब काल्पनिक आकड्यांनी समजून घेऊ. ताज्यातवान्या फॉरवर्डचं बळ दहा धरा आणि पन्नास मिनिटं खेळून थकलेल्याचं सात. पाच-तीन वाटणीच्या संघानं पाचही राखीव फॉरवर्ड उतरवले तर पाच ताजे आणि तीन थकलेले, एकूण ७१. सात-एकच्या संघात सात ताजे आणि एक थकलेला, एकूण ७७. फरक फक्त सहाचा. पण स्क्रममध्ये रेटा तसूभर सरस असला तरी पुरतो. रस्सीखेच पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता या सौद्याची किंमत बघा. सात-एकमध्ये सात बॅकसाठी राखीव एकच उरतो. सुरुवातीलाच दोघे बॅक जखमी झाले तर कुणा फॉरवर्डला कडेला पळायला उभं करावं लागेल. थकलेल्यांवर ताजे गडी सोडणं धोक्याचं आहे, हा चाहत्यांचा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण "ही फसवणूक आहे" हा आक्षेप टिकत नाही. आठ जागा सगळ्यांनाच आहेत. त्या कशा वापरायच्या, याचा जुगार ज्यानं त्यानं खेळावा.

६. सत्त्याहत्तरावं मिनिट

हे सगळं एका प्रसंगात पाहायचं तर २१ ऑक्टोबर २०२३ ची पॅरिसमधली रात्र बघा. विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर इंग्लंड, वर पाऊस, हातात साबणासारखा निसटणारा चेंडू. इंग्लंडनं उंच लाथा मारून दक्षिण आफ्रिकेला जेरीस आणलं होतं. ओवेन फॅरलनं चार पेनल्टी आणि खेळता खेळता खांबांमधून मारलेली एक लाथ यांच्या जोरावर १५-६ अशी आघाडी मिळवून दिली. सामन्याचा एक तास उलटून गेला तरी आकडा हलेना. धिप्पाड संघ हतबल दिसत होता.

पण स्क्रमकडे पाहणाऱ्यांना वेगळंच दिसत होतं. दुसऱ्या सत्रात ऑक्स न्चे आणि व्हिन्सेंट कॉख हे ताजे प्रॉप आले होते आणि इंग्लंडची फळी मागं सरकू लागली होती. स्क्रमच्या पेनल्टीतून दक्षिण आफ्रिका पुढं पोचली आणि एकोणसत्तराव्या मिनिटाला राखीवांतून आलेला सहा फूट नऊ इंचांचा आरजी स्नायमन रेषेपलीकडे कोसळला. ट्राय. पोलार्डनं दोन गुण जोडले. १५-१३.

सत्त्याहत्तराव्या मिनिटाला मैदानाच्या मध्याजवळ पुन्हा स्क्रम. न्चे खाली शिरला, समोरची फळी उकलली, रेफरीचा हात वर गेला. पोलार्ड सुमारे एकोणपन्नास मीटरवरून, ओल्या गवतावर पाय रोवून उभा राहिला. चेंडू खांबांमधून गेला. १६-१५.

इथं थांबून हिशेब करू. रेट्यानं संधी मिळवली, पण गुण मिळवले ते मूळ संघात निवडही न झालेल्या, दुसऱ्याच्या दुखापतीमुळं स्पर्धेच्या मध्यात बोलावलेल्या एका किकरनं. त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेनं उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला २९-२८ नं, उपांत्य फेरीत इंग्लंडला १६-१५ नं आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ नं हरवलं. तिन्ही वेळा एकेका गुणानं. नुसत्या आकारमानावर जिंकणारा संघ एका गुणाच्या धारेवर तीनदा तरत नाही. अंतिम सामन्यात पीटर-स्टेफ डू टॉइटनं एकट्यानं २८ वेळा प्रतिस्पर्ध्याला लोळवलं. तिथं वजनापेक्षा दम मोजायला हवा.

७. वजन हरतं तेव्हा

कुठल्याही सिद्धांताची परीक्षा त्याच्या अपवादांत होते. १९ सप्टेंबर २०१५ ला इंग्लंडमधल्या ब्रायटन इथं जपानचा संघ दक्षिण आफ्रिकेसमोर उभा राहिला. जपानच्या नावावर विश्वचषकातला त्याआधीचा एकच विजय होता, तोही १९९१ मधला. अंगापिंडानं ते लहान. पण ते खाली वाकून पाय धरत होते, आणि चेंडू इतक्या झपाट्यानं फिरवत होते की जड माणसांना उठून पुन्हा जागेवर पोचायला वेळच मिळेना. शेवटच्या क्षणी जपान २९-३२ नं मागं होता आणि पेनल्टी मिळाली. लाथ मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी होती. कर्णधार मायकल लीचनं स्क्रम मागितला! दक्षिण आफ्रिकेचा एक गडी तेव्हा शिक्षा म्हणून बाहेर बसला होता, हे त्यानं हेरलं होतं. काही क्षणांत कार्न हेस्केथनं कोपऱ्यात ट्राय केला. ३४-३२.

दोन वर्षांनी न्यूझीलंडनं ऑल्बनीला दक्षिण आफ्रिकेचा ५७-० असा धुव्वा उडवला. आणि अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, जोहान्सबर्गच्या घरच्या मैदानावर २२-० अशी आघाडी घेऊन दक्षिण आफ्रिका ऑस्ट्रेलियाकडून ३८-२२ अशी हरली.

तिन्ही पराभवांत धिप्पाड माणसं होतीच. मग चुकलं कुठं? जड माणूस थांबत थांबत चालणाऱ्या खेळात राजा असतो: स्क्रम, मग श्वास, मग पुन्हा धडक. खेळ सलग वाहता ठेवला की त्याच वजनाचं ओझं होतं. ऑस्ट्रेलियाकडून हरल्यानंतर महिन्याभरात याच संघानं वेलिंग्टनला न्यूझीलंडला ४३-१० नं लोळवलं. न्यूझीलंडच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. त्या दिवशी रेट्याच्या जोडीला चेंडू हातोहात फिरवणंही होतं. आक्रमणाची बाजू २०२४ पासून टोनी ब्राउन सांभाळतात आणि ते स्वतः न्यूझीलंडचे माजी खेळाडू आहेत. ताकदवान संघानं वेग शिकायला प्रतिस्पर्ध्याच्याच घरातला मास्तर आणला.

८. ही माणसं येतात कुठून?

"त्यांची जातच दांडगी" हे उत्तर ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. तिथं शाळांमध्ये रग्बी जीव ओतून खेळली जाते. प्रांतोप्रांतीच्या शालेय संघांची 'क्रेव्हन वीक' ही स्पर्धा १९६४ पासून चालू आहे. चांगली शाळा म्हणजे चांगलं मैदान, चांगला प्रशिक्षक आणि पोटभर जेवण. वर्णभेदाच्या काळात हे सारं प्रामुख्यानं गोऱ्यांच्या वाट्याला आलं. राष्ट्रीय संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एरल टोबायस, १९८१ मध्ये उतरला.

सिया कोलिसीचा जन्म १९९१ चा, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या वस्तीतला. घरात अन्नाची इतकी चणचण की भूक मारायला साखरपाणी प्यावं लागे. बाराव्या वर्षी त्याचा खेळ एका प्रशिक्षकाच्या नजरेत भरला, चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि तिथं दोन वेळचं जेवण मिळू लागलं. २०१८ मध्ये तो कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला आणि पुढचे दोन्ही विश्वचषक त्यानंच उचलले. धिप्पाड शरीरामागं किती जेवणांचा हिशेब असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

९. मग मोजायचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. ते धिप्पाड आहेत म्हणून जिंकतात का? धिप्पाडपणामुळं त्यांना संधी मिळतात. विजय मिळतो तो वजन कुठं टाकायचं आणि कधी टाकायचं, हे ठरवून ठेवल्यामुळं. वेळ चुकली, की तेच वजन त्यांना घेऊन बसतं.

पुढच्या वेळी त्यांचा सामना पाहाल तेव्हा तीन गोष्टी करा. सामन्याआधी राखीव खेळाडूंत फॉरवर्ड किती, ते मोजा. पन्नासाव्या मिनिटानंतर चेंडू सोडून स्क्रममधल्या प्रॉपच्या पायांकडे बघा. कुणाचे पाय मागं घसरताहेत, ते गुणफलकाच्या आधी कळेल. आणि खेळ किती वेळा थांबतो याकडे लक्ष ठेवा. वारंवार थांबत असेल तर स्प्रिंगबॉकवर पैज लावायला हरकत नाही. सलग वाहत असेल, तर ब्रायटन आठवा आणि पैसे खिशातच राहू द्या.